पाण्यातले पाच देव आणि अभ्यासक्रमातला एक

भिलाईतले समस्त सेक्टरवासी, दुर्गकर, पावर हाउस बाजाराचे दुकानदार आणि या बातमीशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा सर्व सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरचे पाच देव गेले अकरा दिवस कोठडीत आहेत. कोठडी म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला, पाण्यानं भरलेला, झाकणाचा स्टीलचा गंज, एरवी भात-खिचडीचं पातेलं. आरोप असा की सुजाता वाचली नाही. जामीन नामंजूर. फिर्यादी, पोलीस आणि न्यायाधीश या तिन्ही पदांवर माझी आई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, एकटीच काम पाहते.

हसलीस ना, सुजे? मला माहीत होतं. तुला जाऊन पाच दिवस झाले. या पाच दिवसांत हसण्याजोगं जे जे घडलं ते सांगायला माणूस उरलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुझ्या पदव्या आणि नोकरीची वर्षं कॉलेजवाल्यांनी तुझ्या फोटोखाली छापलीच आहेत. फोटोही तोच, ओळखपत्रावरचा, ज्यात तू नुकत्याच पकडलेल्या चोरासारखी दिसतेस.

आधी शोकसंदेशांचं सांगते. आपल्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी बातमी टाकली आणि धडाधड ओळी पडायला लागल्या, ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ तू जन्मभर ईश्वरही मानला नाहीस आणि आत्माही. एका ओळीत दोन्ही तुझ्या माथी मारले. ज्यांना तेवढंही टाइप करायचा कंटाळा होता त्यांनी ‘आरआयपी’ टाकलं. मी मोबाईल हातात धरून फिसकन हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. त्या तीन इंग्रजी अक्षरांत तुझी अख्खी तक्रार बसलेली दिसली. भिलाईतल्या एका बौद्ध बाईला निरोप द्यायचाय, देणारे मराठी, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, आणि शब्द कुठले, तर परक्या दफनभूमीतल्या दगडावरचे. तू म्हणायचीस, धर्माबद्दल गंभीर बोलायची वेळ आली की आपण सगळे न ठरवता एकाच सुरात बोलायला लागतो आणि तो सूर आपल्यापैकी कोणाचाच नसतो.

ती तक्रार मी पहिल्यांदा ऐकली पावर हाउसला, गुपचुपच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या पाणीपुरीच्या, ठेल्यापाशी. तू नुकतीच दुर्गच्या कॉलेजात लागली होतीस आणि धर्म-दर्शनाचा पेपर तुझ्या गळ्यात पडला होता. तोंडात गुपचुप कोंबलेलं, डोळ्यांतून तिखटाचं पाणी, आणि तू म्हणालीस, "रेखे, मी आज देव आहे याचे तीन पुरावे शिकवून आली."

"अन् पगार कोणत्या पुराव्यावर घेणार?"

"हसू नको, ऐक न. जग आहे म्हणजे जग बनवणारा आहे, एक. जगात शिस्त आहे म्हणजे शिस्त लावणारा आहे, दोन. अन् देवाची कल्पनाच एवढी परिपूर्ण आहे का तो नसूच शकत नाही, तीन. एवढं फळ्यावर लिहिलं अन् मागून अहिवाऱ्याची एक पोरगी उभी झाली. बाप चुनखडीच्या खाणीत काम करते तिचा. म्हणे, मैडम, ये कौन वाले भगवान की बात चल रही है?"

"मग तू काय सांगितलं?"

"काय सांगू? वर्ग हसला, मी बी हसली. पन रेखे, त्या पुस्तकात दुनियाभरचे प्रश्न आहेत, तेवढा एक नाही."

त्या पोरीच्या प्रश्नानं तुला जन्माला पुरेल एवढं काम दिलं. दुसऱ्या दिवशी तू ते जाडजूड पुस्तक माझ्यासमोर आपटलंस. देवाचे पुरावे, चमत्कार, अमरत्व, साक्षात्कार, आणि तुम्ही लोक वर्गात जिला ‘अशुभ की समस्या’ म्हणता ती, म्हणजे भल्या देवाच्या जगात दुःख कसं. सगळीकडे तोच एक देव, एकटा, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, संपूर्ण भला, आणि जगाच्या बाहेर बसलेला. शेवटी पातळसं एक प्रकरण, त्याचं नाव ‘अन्य धर्म’. त्यावर बोट ठेवून तू म्हणालीस, "हे पाहा, मी अन्य. माझी माय अन्य. काकू अन्य. ही पुरी भिलाई अन्य. अन् जो अन्य नाही त्याचं नावच लिहिलेलं नाही, कारण तो म्हणजेच धर्म."

मी स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात हजेऱ्या तपासणारी बाई. मला त्यातलं एवढंच समजलं की मस्टर आधीच छापून आलंय आणि आपल्या बाकीच्यांची नावं शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहिलीत. तू म्हणालीस, तेवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

तो देव ख्रिस्ती विचारवंतांच्या घडणीचा, पण तू ख्रिस्ती माणसांवर कधी चिडली नाहीस, हे मला इथं मुद्दाम लिहायचंय, कारण ग्रुपवर एकानं तुझं कौतुक करताना नेमकी ख्रिस्ती लोकांची टवाळी केली आणि मी त्याला तिथंच झापलं. आपल्या मरियम टीचर आठव. केरळच्या, गणित शिकवायच्या, आणि किल्ली हरवली की त्यांच्या कपाटावरच्या संताची छोटीशी मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. किल्ली सापडली की परत वळवायच्या आणि वर गाल पुसून द्यायच्या. तू म्हणायचीस, पुस्तकातला तो देव मरियम टीचरच्याही ओळखीचा नाही. त्यांनाही त्यांच्याच धर्माच्या पेपरात कोणी पास करणार नाही. हे पुस्तक एका धर्माचं आहे असंसुद्धा नाही, त्या धर्मातल्या खुर्चीवर बसून विचार करणाऱ्या चार माणसांचं आहे. जगानं मात्र तेच धरलं.

आपली भांडणं खरी सुरू झाली ती यानंतर. मी म्हणायची, "अगं, प्रश्न तर सगळ्यांचेच आहेत. माझे बाबा गेले तेव्हा मी देवघरासमोर उभी राहून विचारलं होतं, एवढ्या चांगल्या माणसाले कावून नेलं? तीच तुझी अशुभ की समस्या. ती काय परदेशातून आली?" तू मान हलवलीस. म्हणालीस, "तू कोणाले विचारलं ते पाहा. तू देवाले विचारलं, त्याच्या तोंडावर, शिव्या देत. पुस्तकात तो प्रश्न देवाबद्दल असते, देवाले नसते. देव तिथं हजरच नाही. त्याचा वकील बोलते, समोरचा वकील बोलते, अन् निकाल लागते का तो आहे का नाही. तुले निकाल पाहिजे होता का?"

मला निकाल नको होता. मला बाबा पाहिजे होते. हे तुला तेव्हा कबूल केलं नाही, आज करते.

आणि मग आईचा तो पहिला घेराव. ‘घेराव’ हा शब्द तूच दिलास. आपल्या दोघींचे बाप कोक ओव्हनला एकाच शिफ्टमध्ये, त्यामुळे घेराव काय असतो ते आपल्याला पाळण्यापासून माहीत. माझ्या बढतीच्या परीक्षेचा निकाल अडकला होता आणि आईनं गणपती, अन्नपूर्णा, रांगता बाळकृष्ण, महादेवाची पिंड आणि कुलदेवतेचा चांदीचा टाक असे पाचही जण उचलून पाण्यात ठेवले. काम होईपर्यंत बाहेर यायचं नाही. तू नेमकी तेव्हा आलीस आणि दारातच थांबलीस.

"काकू, काय करून राहिल्या?"

"देव ठेवून राहिली पाण्यात. हिचं काम होतवर राहतीन तिथंच."

"काकू, देव सर्वशक्तिमान हाये न?"

"हाये न."

"मंग तो सोताच कावून नाही निंगत बाहेर?"

आईनं झाकण लावलं, पदराला हात पुसले आणि तू किती साधी गोष्ट विचारतेस अशा नजरेनं तुझ्याकडे पाहिलं. "निंगू शकते वं. पन निंगत नाही. माहा मान राखते."

तू पर्समधून पेन काढलंस. माझ्या प्रवेशपत्राच्या पाठीमागे ते वाक्य लिहून घेतलंस, ते प्रवेशपत्र मला परत कधीच मिळालं नाही. बाहेर आल्यावर फाटकाशी उभी राहून तू तासभर बोललीस. पुस्तकातला देव काय काय करू शकतो यावर मोठा होतो, आणि काकूंचा देव काय काय सोसतो यावर. तो आहे की नाही हा प्रश्न काकूंना पडतच नाही. घरच्या माणसाला कोणी विचारतं का, तू आहेस का म्हणून? घरच्या माणसाला विचारतात, तू ऐकत कावून नाहीस. मी म्हटलं, सुजे, तू बौद्ध आहेस, तुला या देवांचा एवढा पुळका का? तू म्हणालीस, "पुळका नाही. मले देव नकोच आहे. पन नाकारायचा तरी खराखुरा, समोरचा नाकारला पाहिजे. मले यायनं नाकारासाठी बी दुसऱ्याचाच देव देल्ला."

त्याच दिवशी जाताना तू आईला सांगितलंस, "काकू, माह्यासाठी मात्र कधी ठेवू नका. माह्या आजोबानं देव सोडले ते रागानं नाही, विचार करून सोडले. तो माहा नियम हाये." आई म्हणाली, "बरं." आणि तिनं तो पाळला. प्रसाद द्यायची वेळ आली की तुझ्या हातावर साखर ठेवताना ती दरवेळी म्हणायची, "साखर म्हणून घे, परसाद म्हणून नको घेऊ." तू ती साखर म्हणून खायचीस. तुम्हा दोघींमध्ये एवढा सभ्य करार होता की माझ्यासारख्या तोंडाळ बाईला त्याचा हेवा वाटायचा.

पुढे तू त्यावर निबंध लिहिलास आणि मोठ्या शहरातल्या परिषदेत वाचलास. वाचून झाल्यावर एक सद्गृहस्थ उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बहुत रोचक है. मगर ये दर्शन है या लोकजीवन?" चहाच्या वेळी आणखी एकानं प्रेमानं सुचवलं की लोकसाहित्यवाल्यांचं संमेलन पुढच्या महिन्यात आहे. तिथं दिवसभर निबंध वाचले गेले, सगळे त्या एकाच देवाच्या बाजूचे नाहीतर विरुद्धचे. कोणालाही कोणी विचारलं नाही की हे दर्शन आहे की एका मुलखाचं लोकजीवन. बुद्धाचं नाव तू काढलंस तर म्हणाले, त्यांच्याकडे ईश्वर नाही, म्हणजे धर्म की नाही ते आधी ठरवावं लागेल. तोवर त्यांनी दाराशी उभं राहायचं.

गाडीतून उतरून तू सरळ आमच्या घरी आलीस, बॅगसकट. आई पोहे करत होती.

"काकू, तुमाले नापास केलं."

"कोन्त्या इषयात?"

"इषयच नाही म्हणे तुमचा."

आई खो खो हसली. तू पण हसलीस, पण त्या दिवशी तू पोहे टाकलेस, आणि तू पोहे टाकलेले मी एकदाच पाहिले.

आता ते लिहिते जे लिहायचं टाळत होते. गेल्या हिवाळ्यात मी तुला बोलले. तू परत तोच विषय काढलास, परत तीच परिषद, तेच गृहस्थ, आणि मी कंटाळून म्हटलं, "सुजे, वीस वर्षं झाली. तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांच्याबद्दल, शेवटचं त्यांच्या विरोधात. मग तूच त्यांना सोडून कुठं गेलीस? तुझा बुद्ध कुठं आहे त्यात? तोही दाराशीच उभा केलास ना?" तू बॅग उचललीस आणि गेलीस. बरेच दिवस फोन नाही. मग एका रविवारी काहीच झालं नाही अशी आलीस आणि आईजवळ बसून मटार सोललेस. मी माफी मागितली नाही. वाटलं, मागितली तर तो विषय परत निघेल. कसली भित्री मी, आणि गणपतीत स्टेजवर पाचशे माणसांपुढे माईक धरून नाचणारी.

दवाखान्यात तू एकदा डोळे मिटूनच म्हणालीस, "रेखे, तुझं ते अर्धं बरोबर होतं."

"कोणतं अर्धं?"

"बरी झाली का सांगते."

मी आता जन्मभर दोन्ही अर्धी उलटसुलट करून पाहत बसणार. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावलेली आहे. नोंद असू दे.

आता कोठडीचं. तू साध्या तापासाठी भरती झालीस आणि दोन दिवसांत डॉक्टरांचे चेहरे बदलले. तिसऱ्या दिवशी तुला मऊ खिचडी न्यायची म्हणून मी तांदूळ धुतले आणि गंज शोधायला लागले. कोपऱ्यात होता. झाकण उघडलं तर आत पाच जण. गणपती तळाशी आडवा, बाळकृष्ण त्याच्या पोटावर रांगतोय. तू भरती झालीस त्याच दिवशी ठेवले होते. मागून आई म्हणाली, "सुजाले सांगू नको."

"आई, तिनं नाही म्हणून सांगितलं होतं."

"तवा ती बिमार नव्हती."

मी तुला सांगितलं नाही. रोज येत होते, नर्सच्या नकला करून दाखवत होते, आणि हे लपवत होते. शाळेपासून तुझ्यापासून लपवलेली ही माझी पहिली गोष्ट, आणि ती नेमकी तुझ्या नियमाची. सहाव्या दिवशी तू गेलीस.

मला वाटलं, आई आता देव काढेल. नाही काढले. रोज सकाळी अंघोळ करून ती गंजातलं पाणी बदलते, पण मान दुसरीकडे वळवून. बाळकृष्ण हाताला लागला तर हात झटकन मागे घेते. पूजा नाही, नैवेद्य नाही. तिचा जन्माचा नियम तुला माहीत आहे, देवाला दाखवल्याशिवाय सकाळचा घास नाही. आता देव कोठडीत, म्हणून दुपार होईपर्यंत हिच्या पोटात काही नाही, आणि मधुमेहाची गोळी मात्र सकाळीच घेतलेली. परवा ओट्याशी भोवळ येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, असं चालणार नाही.

मी म्हटलं, "काढ ना आता. काम व्हायचं नव्हतं, झालं नाही."

"काढू कशी? काम झाल्यावर काढतेत."

"मग न झाल्यावर?"

तिनं तुमसरला मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, अभिषेक करून काढ. मग म्हणाली, थांब, विचारून सांगते, आणि अजून विचारतेच आहे. माझ्या लेकीनं मोबाईलवर शोधलं, पाण्यातून काढल्यावर काय करावं. उत्तर आलं, आधी स्विच ऑफ करा, सिम काढा आणि तांदळाच्या डब्यात ठेवा. "नानी, चावल में रख दो ना, नेट पे यही लिखा है." आई एरवी या गोष्टीवर आठ दिवस हसली असती. ती एवढंच म्हणाली, "तांदळावरच मांडतेत वं बाई त्यायले. पन आधी काढाची हिंमत तं पाह्यजे."

आणि मग खरं कारण निघालं. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न पाहता.

"मी तिचा नियम मोडला. तिच्याच मनाच्या इरुद्ध तिच्यासाठी मांगत होती. देव तरी कोनाचं आयकन? माहं का तिचं? त्यायनं तिचा मान राखला असन. आता मी त्यायच्यावर रागावू का सोतावर? कोन्त्या तोंडानं पूजा करू? अन् सुजाले काय सांगू?"

सुजे, मी तुझं ते जाडजूड पुस्तक काढलं. आमच्याकडेच पडलंय, तू विसरलीस की मुद्दाम ठेवलंस ते तुलाच माहीत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. देव आहे की नाही यावर शंभर पानं. चमत्कार शक्य आहे का यावर प्रकरण. जगात दुःख आहे तर देव भला कसा यावर दोन प्रकरणं. हरलेल्या देवाला बाहेर कसं काढावं, यावर एक ओळ नाही. असणार कशी? त्यांचा देव हरतच नाही. माझी आई मात्र ओट्याशी भोवळ येऊन बसते ती याच प्रश्नानं, आणि त्या पुस्तकाच्या लेखी हा प्रश्न लोकजीवन आहे. तू वीस वर्षं काय सांगत होतीस ते मला आत्ता, तुझ्याशिवाय, कळलं. किती उशिरा हे तू बोलू नकोस, मीच बोलते.

इथं मी थांबले होते. वरचं सगळं परवा लिहिलं. आज विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं.

पांढरे कपडे, तुझा तो चोरासारखा फोटो, पुढे मेणबत्त्या आणि चाफा. भंतेजींच्या मागोमाग सगळ्यांनी पंचशील म्हटलं. कॉलेजातले तुझे विभागप्रमुख बोलायला उभे राहिले, तुझी विद्वत्ता सांगितली, डोळे पुसले आणि म्हणाले, "ईश्वर उनकी आत्मा को..." मग भिंतीवरच्या बुद्धाकडे नजर गेली आणि तिथंच अडकले. ना पुढे जाता येईना, ना मागे. शेवटी "शांति" एवढंच म्हणून खाली बसले. माझ्या पोटात हसू उसळलं आणि शेजारी कोपर मारायला तू नव्हतीस. मग माझं नाव पुकारलं. मी, जिच्या हातातून मंडळाच्या गणपतीत माईक काढून घ्यावा लागतो ती मी, गुपचुपच्या ठेल्याची गोष्ट सांगायला लागले आणि दुसऱ्या पुराव्यापाशी माईक स्वतःहून परत केला. खाली येऊन बसले.

तुझी माय पहिल्या रांगेत होती. तू गेल्यापासून ती बोललेली नाही. रडलीही नाही. तुझा भाऊ सांगत होता, चहा दिला की पिते, झोप म्हटलं की झोपते, पण तोंडातून शब्द नाही. आणि माय म्हणजे कोण, तर जिच्यासमोर मी एकदा सहज ‘देवाची कृपा’ म्हटलं तर "कृपा नाही, मेहनत म्हण" असं जिनं मला दरडावलं होतं. लग्नपत्रिकेवर गणपती असला तर ती पत्रिका हातात न घेता टेबलावर ठेवायला सांगणारी बाई. तिच्या दारात आजवर नारळ फुटला नाही.

आणि माझी आई उठली. मला वाटलं पाणी प्यायला उठली. ती सरळ पहिल्या रांगेकडे गेली आणि मायच्या पुढ्यात सतरंजीवर बसली. मी जागेवरून उठेपर्यंत ती बोलायलाच लागली होती, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, मोठ्यानं.

"वैनी, माह्या हातून चूक झाली. सुजा दवाखान्यात होती तवा मी तिच्यासाठी देव पाण्यात ठेवले. तिनं मले नाई म्हनलं होतं. तुमच्यात चालत नाही, मले मालूम होतं. तरी ठेवले. ते अजून तिथंच हायेत. काढाले हात होत नाही माहा. तुमी बोला मले काय बोलाचं ते."

भंतेजी थांबले. तुझ्या भावानं डोळे मिटून घेतले. विभागप्रमुख छताकडे पाहायला लागले. मी मनात म्हटलं, झालं, संपलं, पन्नास वर्षांचं घरोब्याचं नातं आज इथं, सगळ्यांसमोर.

मायनं मान वर केली. आईकडे पाहिलं. तिची बोटं हलली, आईच्या मनगटापर्यंत आली आणि तिथं घट्ट बसली.

"किती दिस झाले म्हनलं?" सात दिवसांतला तिचा पहिला शब्द.

"तेरा."

"किती जण हायेत?"

"पाच. बारका रांगता बी हाये."

आणि माय भर विहारात, भंतेजींच्या समोर, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, "तेरा दिस! अवो वैनी, काढा न मंग त्यायले बाहेर, सर्दी होईन न लेकरायले!"